ठिगळ लावणारे अनेक, तपासणारे थोडके

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या संगणकप्रणालीच्या सुरक्षा पथकाने १३ मे २००८ रोजी एक सूचना प्रसिद्ध केली आणि जगभर सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींची धावपळ उडाली. सप्टेंबर २००६ पासून डेबियनवर तयार झालेल्या गुप्त किल्ल्यांवर विसंबू नये, त्या टाकून देऊन नव्याने तयार कराव्यात, असा त्या सूचनेचा आशय होता. उबुंटू ही प्रणाली डेबियनवरूनच बेतलेली असल्याने तिलाही तोच दोष लागला होता. कारण ऐकून अनेकांचा विश्वास बसेना. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतील काही ओळींबद्दल एक दोषशोधक साधन सतत तक्रार करीत होते, म्हणून डेबियनच्या प्रतीतून त्या ओळी गाळण्यात आल्या होत्या. त्या ओळींबरोबर किल्लीतील अनिश्चितता जवळजवळ संपली. उरला तो संगणकातील प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्याच्या शक्यता जेमतेम ३२,७६८. जी किल्ली सात जन्मांतही ओळखता येऊ नये, ती सामान्य संगणकावर थोड्या वेळात शोधून काढता येऊ लागली.

बदल करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मूळ प्रकल्पाच्या टपालयादीवर त्याने आधी विचारणाही केली होती. रोजच्या वापरात काही बिघडलेले दिसत नव्हते. किल्ल्या तयार होत, कुलपे लागत आणि उघडतही. चारदोनशे किल्ल्या तयार करून त्या एकमेकींशी ताडून पाहणारा कोणी असता, तर त्याच त्या किल्ल्या पुन्हा निघत असल्याचे ध्यानात आले असते. तसा कोणी निघाला नाही. ज्या दुरुस्तीमुळे हे घडले, तिला संगणकाच्या व्यवहारात 'पॅच' म्हणतात, आणि असे पॅच तपासण्यास स्वयंसेवक कोठून आणायचे, हा मुक्त स्रोत अर्थात ओपन सोर्स चळवळीचा जुना प्रश्न आहे.

पॅच आणि त्याचे तपासनीस

पॅच म्हणजे ठिगळ. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर आज्ञावली साठवीत असत, त्या काळी चुकीच्या छिद्रावर खरोखरीच कागदाचे ठिगळ चिकटविले जाई. पुढे ठिगळ लावण्याचे हे काम संगणकच करू लागला. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये 'पॅच' याच नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. जुन्या आणि नव्या कोडमधील फरक एका फाइलीत पाठविला, की दुसऱ्या टोकाचा माणूस या आज्ञावलीच्या साह्याने आपल्या प्रतीत तो बसवू शके. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकाच आज्ञावलीवर काम करू लागली, त्यात या छोट्या साधनाचा वाटा मोठा आहे.

आलेल्या पॅचची पारख दोन प्रकारे होते. एक परीक्षण; यात जाणकार कोड वाचून तो योग्य रीतीने लिहिला आहे की नाही, हे ठरवितो. दुसरी चाचणी, यात पॅच प्रत्यक्ष बसवून, चालवून पाहिला जातो. परीक्षणासाठी कोड वाचता यावा लागतो. चाचणीसाठी बहुधा तो लागत नाही. लागतो तो वेळ, चिकाटी आणि जे दिसले ते नीट सांगण्याची सवय. असे असूनही परीक्षक आणि तपासनीस दोघांचीही टंचाईच आहे. पुरेशी माणसे पाहत असली तर कोणताही दोष फार काळ लपून राहत नाही, हा विचार एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडला आणि तो चळवळीचे ब्रीदच होऊन बसला. मात्र 'पुरेशी माणसे' आपोआप जमतात, असे गृहीत धरण्याची चूक पुढे अनेकांनी केली. २०१४ मध्ये उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' हा दोष त्याच ओपनएसएसएलमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ सर्वांच्या डोळ्यांदेखत होता.

माणसे न येण्याची कारणे सरळ आहेत. पॅच लिहिणाऱ्याचे नाव कायमचे नोंदले जाते, नोकरीच्या अर्जात ते सांगता येते. तपासणाऱ्याचे नाव कोठे येत नाही. काम कंटाळवाणे, आणि ते सुरू करण्याआधीचा खटाटोप मोठा. एका पॅचसाठी डेटाबेस, वेबसर्व्हर आणि विकासकांची साधने यांची मांडामांड करण्यात अख्खी संध्याकाळ जाते, प्रत्यक्ष चाचणी दहा मिनिटांत आटोपते. शिवाय 'काय तपासायचे' हेच पुष्कळदा कोणी लिहिलेले नसते. पॅच लिहिणाऱ्याला ते इतके उघड वाटते, की सांगण्याची गरजच भासत नाही. नवख्या स्वयंसेवकाचा पहिला रविवार असा गेला, की दुसऱ्या रविवारी तो येत नाही.

दोन माणसांची साक्ष

या अडचणीला नियमाचे रूप देऊन भिडणारा प्रकल्प म्हणून जूमलाचे उदाहरण घेता येईल. संकेतस्थळे तयार करण्याची ही प्रणाली २००५ मध्ये जन्माला आली. 'मॅम्बो' या प्रणालीच्या विकासकांनी मालकीच्या वादातून बाहेर पडून ऑगस्टमध्ये नवी चूल मांडली आणि सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती दिली. 'सर्व मिळून' या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून तिचे नाव घेतलेले आहे. तो शब्द मुळात अरबी. जुन्या मराठी हिशेबांत एकूण बेरजेला 'जुमला' म्हणत, तोही हाच.

जूमलाचा दंडक असा, की पॅच मूळ कोडमध्ये जाण्यापूर्वी किमान दोन माणसांनी तो स्वतंत्रपणे चालवून 'चाचणी यशस्वी' अशी नोंद केली पाहिजे. लिहिणारा स्वतः त्यात धरला जात नाही. यंत्राने आपोआप केलेल्या चाचण्या वेगळ्या. त्या उत्तीर्ण झाल्या तरी या दोन मानवी साक्षी लागतातच. किरकोळ बदल केवळ वाचून स्वीकारले जातात, पण तो अपवाद.

नियम केल्याने माणसे येत नाहीत. उलट रांग लांबते. म्हणून जूमलाने तपासनिसाची वाट सोपी करण्यावर भर दिला. पॅच पाठविणाऱ्याला एक ठरावीक नमुना भरावा लागतो. बदल कोणता केला, तो तपासायचा कसा, पॅच बसविण्यापूर्वी काय दिसते आणि बसविल्यावर काय दिसले पाहिजे, अशी त्यातील कलमे. यातील 'बसविण्यापूर्वी' हे कलम फार मोलाचे आहे. दोष आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नसेल, तर तो गेला असे म्हणण्याला अर्थ उरत नाही.

समजा, लेख प्रसिद्ध होण्याची वेळ काही देशांत अर्ध्या तासाने चुकते, अशी तक्रार आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पूर्ण तासांच्या फरकावर चालणाऱ्या देशातील तपासनिसाला हा दोष आपल्या संगणकावर दिसणारच नाही. तो पॅच बसवील, सर्व ठीक असल्याचे पाहील आणि प्रामाणिकपणे 'यशस्वी' लिहून मोकळा होईल. भारतातील तपासनीस मात्र आधी अर्ध्या तासाची चूक पाहील, मग पॅच बसवील, चूक गेल्याची खात्री करील आणि पूर्वी नियोजित केलेल्या लेखांच्या वेळा हलल्या नाहीत ना, हेही सहज बघून घेईल. अनुभवी मंडळी सांगितलेल्या पायऱ्यांपलीकडे दोन पावले टाकतात, ती याच ठिकाणी.

मांडामांडीचा खटाटोप कमी करण्यासाठी 'पॅच टेस्टर' नावाचा एक जोड-भाग जूमलाने पुरविला आहे. चाचणीपुरत्या उभारलेल्या संकेतस्थळावर तो बसविला, की प्रलंबित पॅचची यादी समोर येते. एक कळ दाबली की पॅच बसतो, दुसरी दाबली की निघतो. आज्ञांची खिडकी उघडण्याचे कारण नाही. दुकानाचे किंवा शाळेचे संकेतस्थळ सांभाळणारा, कोडची एक ओळही न लिहिणारा माणूस यामुळे कामाचा ठरू शकतो. किंबहुना तो अधिक कामाचा, कारण प्रणाली वापरली जाते ती त्याच्यासारख्यांकडून.

तरी एक दुखणे राहतेच. दोन जणांनी तपासल्यानंतर परीक्षकाने सुधारणा सुचविली आणि लिहिणाऱ्याने ती केली, तर आधीच्या चाचण्या शिळ्या होतात. पुन्हा दोन माणसे शोधावी लागतात, आणि तीच माणसे तेच काम तिसऱ्यांदा करण्यास राजी असतीलच असे नाही. चांगले पॅच महिनोन्महिने पडून राहतात, त्यांतील अनेकांचे कारण हेच. तोवर मूळ कोड पुढे सरकलेला असतो आणि पॅच बसेनासा होतो. लिहिणाराही मग नाद सोडतो. न तपासलेल्या पॅचची किंमत अशी दुहेरी असते: दुरुस्ती जाते आणि माणूसही जातो.

इर्जिक आणि सावड

जूमलाच्या कार्यकर्त्यांनी या रांगेवर आणखी एक उपाय योजला. 'पिझ्झा, बग्ज अँड फन' या नावाने निरनिराळ्या शहरांतील मंडळी ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात, पिझ्झा मागवितात आणि दिवसभर पॅच तपासतात. शेजारी जाणकार असल्याने नवख्याची मांडामांड अर्ध्या तासात उरकते. मराठी वाचकाला यात काही नवल वाटू नये. गावातील शेतकरी आपापले बैल घेऊन एकाच्या रानात उतरतात, दिवसात नांगरणी उरकतात आणि यजमान जेवू घालतो, तिला आपल्याकडे इर्जिक म्हणतात.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रकल्पाची रीत इर्जिकीपेक्षा सावडीच्या जवळची आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, हा सावडीचा हिशेब. २००८ पासून हा प्रकल्प वर्षातून काही ठरावीक महिने 'कमिटफेस्ट' भरवितो. त्या महिन्यात नवे लिहिण्यापेक्षा आलेले पॅच पारखण्यास प्राधान्य. ज्याने पॅच दिला, त्याने साधारण तेवढ्याच वजनाचा दुसऱ्या कोणाचा तरी पॅच पारखावा, अशी अपेक्षा स्पष्ट शब्दांत सांगितलेली असते. परीक्षणात तो बसवून चालवून पाहणेही येते. प्रत्येक पॅच 'परीक्षण हवे', 'लेखकाची प्रतीक्षा' आणि 'समावेशकासाठी तयार' अशा स्थितींतून पुढे सरकतो, त्यामुळे चेंडू कोणाच्या अंगणात आहे हे सर्वांना दिसते. रांगेत नाव दिसले की माणूस थोडा हलतो. ही पद्धत तरीही परिपूर्ण नाही. एका कमिटफेस्टमधून दुसऱ्यात ढकलले जाणारे पॅच तेथेही आहेत. पण भिडेपेक्षा परतफेडीवर उभी असलेली ही व्यवस्था टिकली आहे, हे महत्त्वाचे.

नावाची नोंद आणि तिचे दुष्परिणाम

लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा प्रश्न वेगळा. तेथे पॅच बिनचूक लिहिलेला असूनही एखाद्या विशिष्ट लॅपटॉपवर किंवा जुन्या नेटवर्क कार्डावर कोसळू शकतो, आणि ते यंत्र विकासकाकडे नसते. ते ज्याच्या घरी आहे तोच खरा तपासनीस. नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात, नंतर दर आठवड्याला एक अशा पूर्व-आवृत्त्या, बहुधा सात, केवळ चाचणी आणि दुरुस्तीसाठी निघतात. स्थिर आवृत्त्यांवरील दुरुस्त्या तर सर्वसाधारणपणे दोन दिवसांसाठी जाहीर होतात, आणि तेवढ्या अवधीत नाना यंत्रांवर त्या चालवून पाहणारी मंडळी आपले निष्कर्ष कळवितात.

त्यांच्यासाठी कर्नलने केलेली सोय साधी आहे. पॅचच्या नोंदीत लेखकाच्या नावाखाली 'टेस्टेड-बाय', म्हणजे 'यांनी तपासले', अशी ओळ घातली जाते. दोष कळविणाऱ्यासाठी निराळी ओळ, परीक्षकासाठी निराळी. कर्नलच्या इतिहासात ती कायम राहते. एक पैसा न खर्चता दिलेला हा मान अनेकांना पुरतो. तपासनीस लाभला नाही तर काय होते, तेही कर्नलमध्येच दिसले. इटॅनियम या प्रोसेसर-कुळाची देखभाल आणि चाचणी करणारे उरले नाहीत, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ या आवृत्तीतून त्याचा आधारच काढून टाकण्यात आला.

नावाला मोल आले की नावासाठी काम करणारेही येतात. द्रुपल या प्रणालीत 'समाजाने पारखले व तपासले' अशी एक स्थिती आहे आणि लेखकाने आपल्याच पॅचला ती देऊ नये, असा संकेत आहे. २०१५ पासून द्रुपलने प्रत्येक कामाचे श्रेय व्यक्ती आणि तिची कंपनी, दोघांच्या नावे मांडण्यास सुरुवात केली. तपासणाऱ्यालाही त्यात वाटा मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या यादीतील स्थानही या श्रेयावर ठरू लागले, तेव्हा पडद्याचे एक छायाचित्र जोडून 'छान चालते' एवढेच लिहिणाऱ्यांचे पीक आले. अशी नोंद श्रेयास पात्र नाही, असे द्रुपलला जाहीर करावे लागले. २०२० मधील 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात टी-शर्टच्या आमिषाने निरर्थक बदलांचा इतका मारा झाला, की प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तरच त्यांना उपक्रमात धरायचे, असा फेरबदल आयोजकांना महिना संपण्याआधीच करावा लागला. बक्षीस कामाला लावते. कोणत्या कामाला, ते आधी ठरवावे लागते.

द्रुपलची दुसरी प्रथा अधिक मनोज्ञ आहे. आपल्या परिषदांत तो एक दिवस केवळ योगदानासाठी राखून ठेवतो. नवख्यांची शिकवणी होते, आणि शेवटी त्यांच्यापैकी एखाद्याचा पॅच सर्वांसमक्ष, व्यासपीठावरूनच मूळ कोडमध्ये घेतला जातो. आशिया खंडासाठीची अशी परिषद फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत, पवईच्या आयआयटीत भरली होती.

यंत्रे काय करतात

आज प्रत्येक मोठ्या प्रकल्पात पॅच दाखल होताच यंत्रे शेकडो चाचण्या चालवितात. कर्नलसाठी गूगलचे 'सिझबॉट' अहोरात्र वेडेवाकडे प्रश्न विचारून कोड कोसळतो का, ते पाहत असते. वर्डप्रेसच्या 'प्लेग्राउंड' या साधनामुळे २०२२ नंतर काहीही न बसविता, थेट ब्राउझरमध्ये पॅच चालवून पाहता येऊ लागला. खटाटोपाची अडचण यामुळे बरीच सुटली. दुसऱ्या बाजूने, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने पॅच लिहिणे स्वस्त झाले आणि रांगा वाढल्या. तपासनिसाचा तास मात्र साठ मिनिटांचाच राहिला.

शिवाय यंत्र तेच पाहते, जे त्याला पाहण्यास सांगितले आहे. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड डेबियनची अजून स्थिर न झालेली आवृत्ती वापरून वेगाची मोजमापे घेत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या ध्यानात आले. माग काढता काढता ते 'एक्सझेड' या संकोचन-साधनात कोणी मुद्दाम पेरलेल्या चोरवाटेपर्यंत पोहोचले. ते साधन वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा स्वयंसेवक सांभाळीत होता, आणि मदतनीस म्हणून आलेल्यानेच ती वाट पेरली होती. स्थिर आवृत्त्यांत ती पसरण्यापूर्वी पकडली गेली, कारण अस्थिर आवृत्ती रोजच्या कामासाठी वापरणारा एक चौकस माणूस तेथे होता.

मराठी डोळ्यांचे काम

काही चाचण्या तर विशिष्ट भाषेच्या माणसावाचून होऊच शकत नाहीत. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक मराठी शाळकरी मुलालाही कळतो. एक गुरुजी, दुसरा स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातील पापणीसारखा र हिंदीत लागत नाही. म्हणून फॉन्ट किंवा अक्षरजुळणीच्या कोडमधील एखादा पॅच हिंदीवर तपासून 'यशस्वी' ठरतो आणि मराठीत दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही हिंदीहून निराळी. मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळले, की फॉन्टने ती आपणहून निवडायची असतात. लोहित या मुक्त फॉन्टमालेच्या देखभालीत रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा हात राहिला आहे. पण फॉन्ट ज्या ज्या आज्ञावलीत उमटतो, ती प्रत्येक पाहणे मूठभरांच्या आवाक्यातील नव्हे.

फेडोरा या प्रणालीत अशा कामासाठी दार उघडे असते. कोणताही सुधारित भाग आधी चाचणीच्या कोठारात ठेवला जातो. वापरून पाहणारे त्याला अधिक एक किंवा उणे एक गुण देतात. या गुणांना तेथे 'कर्म' म्हणतात. सर्वसाधारणपणे बेरीज अधिक तीन झाली की तो भाग सर्वांकडे रवाना होतो, उणे तीन झाली तर मागे घेतला जातो. ठरावीक विषयाचे 'चाचणी-दिवस'ही फेडोरा पाळतो. त्या दिवशी काय तपासायचे याच्या पायऱ्या लिहून ठेवलेल्या असतात आणि विकासक उत्तरे देण्यास हजर असतात.

हे करू इच्छिणाऱ्याने चालते संकेतस्थळ किंवा रोजच्या कामाचा संगणक पणाला लावू नये. जुना संगणक किंवा संगणकात उभारलेला आभासी संगणक पुरतो. आवृत्तीचा क्रमांक, आपण केलेल्या पायऱ्या, आधी काय दिसले आणि नंतर काय, एवढे लिहावे. 'चालत नाही' असे दोनच शब्द लिहिलेली तक्रार कोणाच्याही उपयोगाची नसते. पायऱ्यांसह लिहिलेली अयशस्वी चाचणी मात्र मोठ्या मोलाची. विकासक तिचे आभार मानून ठेवतात, भले त्या दिवशी त्यांच्या कपाळाला आठी पडलेली असो. फॉन्टच्या बाबतीत तर चाचणीच्या कोठारातील नवा भाग उतरवून घ्यायचा, 'दऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' असे चार शब्द लिहिलेली फाइल उघडायची आणि जे दिसेल त्याप्रमाणे अधिक एक किंवा उणे एक नोंदवायचे.